तीनदा उकळलेली गाडी

१

उचकी लागल्यासारखा फ्रिज थरथरला आणि त्याची मोटर सुरू झाली.

तोवर घरात अशी शांतता होती की पाळण्याच्या दोरीवरचा हातसुद्धा तिने हलवला नव्हता. दुपारचे सव्वादोन. पाळण्यात बाळाची मूठ उघडली, मिटली, कपाळावर आठी आली. तिने श्वास रोखून धरला. मोटरची घरघर एका सुरात लागली तशी आठी हळूहळू विरली. आठ महिन्यांच्या त्या जिवाला झोपवायला तिला पाऊण तास लागला होता आणि फ्रिजकडे तिने जी नजर टाकली ती एखाद्या वैऱ्यानेही सहन केली नसती.

तेवढ्यात उशीखाली फोन गुरगुरला. नवरा होता.

"पुन्हा उकळली," तो म्हणाला.

तिने काही विचारायच्या आत तोच पुढे बोलला, "मोठी ठीक आहे. शाळेतून घेऊन येत होतो, चढाच्या दुसऱ्या वळणावर काटा लालमध्ये गेला. धूर, वाफ, सगळं झालं. तिला कडेवर घेऊन लांब जाऊन उभा राहिलो."

मोठी म्हणजे पाच वर्षांची लेक. घरात तिच्यापेक्षा लहान माणूस आलं म्हणून ती मोठी, एवढंच तिचं मोठेपण.

"बाबांना कळवलंस?"

"आले होते. गाडी ओढून नेली. ऐक. बाबा बराच वेळ वाफेकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, माझ्याच हातून काहीतरी राहिलंय. नात बसली होती गाडीत. रविवारी गॅरेजला कुलूप लावतो, कायमचं."

त्या दिवशी बुधवार होता.

२

गॅरेज उताराच्या पायथ्याशी होतं आणि तिचं घर चढाच्या माथ्यावर. मधला रस्ता सात वळणांचा. लग्नाआधीपासून ती वडिलांच्या, बाबांच्या, हाताखाली इंजिनं उघडायची आणि लग्नानंतरही सहा वर्षं त्यासाठी रोज हा रस्ता उतरून जायची. लहानपणापासून तिचे प्रश्न संपत नसत म्हणून बाबांनी तिचं नाव ठेवलं होतं चौकशीबाई. बाळ झालं आणि पाना हातातून सुटला. तात्पुरता, असं सगळे म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी बाळाला पाठीशी बांधून आणि मोठीचं बोट धरून ती गॅरेजात शिरली तेव्हा बाबा मोठीच्याच जुन्या खेळण्यातल्या ट्रकचा तुटलेला दांडा काळ्या टेपने बांधत होते. टेप कापली, शेवटचं टोक आतल्या बाजूला दुमडून त्याचा इवलासा कान केला आणि ट्रक नातीच्या हातात ठेवला.

"हा कान कशाला, आजोबा?"

"पुढे कोणाला उघडायचं असलं तर नखाने खरवडत बसायला नको. आपण बांधताना उघडणाऱ्याचा विचार करावा."

"बाबा," ती म्हणाली, "मला सगळं सांगा. पहिल्यापासून."

"चौकशीबाई आल्या," कोपऱ्यातून वायरमन हसला. बाबांच्या बरोबरीचा, गॅरेजातली विजेची सगळी कामं करणारा, अर्धं आयुष्य इथेच गेलेला माणूस.

बाबा हसले नाहीत. "दोन महिन्यांपूर्वी मी या गाडीचा वॉटर पंप बदलला, थर्मोस्टॅट बदलला. त्यानंतर महिन्याभराने ती पहिल्यांदा उकळली. मग दुसऱ्यांदा. काल तिसऱ्यांदा. दर वेळी बघतो तर कूलंट कमी. दर वेळी भरतो आणि सगळं तपासतो. थर्मोस्टॅट गरम पाण्यात टाकून बघितला, वेळेवर उघडतो. रेडिएटर साफ आहे. पंखा लागतो. रात्रभर दाब देऊन ठेवली, थेंब गळला नाही. हेड गॅस्केटसुद्धा शाबूत आहे."

"मग?"

"मग गाडी निर्दोष आहे. म्हणजे दोषी मी. कुठलातरी नट, कुठलीतरी क्लिप. मी लावली असं मला वाटतं आणि मी लावलेली नसते." त्यांनी हात पुसले, पुन्हा पुसले. "गेल्या वर्षी तेलाचं झाकण बॅटरीवर ठेवून चहाला गेलो होतो. तुम्ही सगळे हसलात. मी नाही हसलो."

"चला, एक फेरी मारू," ती म्हणाली. मुलांना वायरमनच्या हवाली करून दोघं निघाले.

बाबांनी गाडी सातही वळणं चढवली. टर्बोची शिट्टी बारीक ऐकू येत होती. सायलेन्सरकडे जाणाऱ्या तापलेल्या धुरावर फिरणारं हे लहानसं चाक इंजिनात हवा कोंबतं, त्या जोरावर एवढीशी गाडी चढाला हरत नाही. चाक मात्र निखाऱ्यासारखं लाल होतं. काटा मधोमध राहिला, केसभरही हलला नाही. परत गॅरेजात आल्यावर बाबांनी गाडी लगेच बंद केली नाही. उतरून बॉनेटवर हात ठेवून मिनिटभर उभे राहिले, मग आत वाकून किल्ली फिरवली. ही त्यांची जुनी सवय. धावून आलेल्याला धपकन खाली बसवू नये, म्हणायचे.

कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या गुलाबी, गोडसर वासाच्या पाण्याची टाकी बरोबर खुणेपर्यंत भरलेली होती. तिने मार्करने तिथे बारीक रेघ मारली. झाकणाच्या कडेला मात्र तिला काहीतरी दिसलं. वाळलेल्या मिठासारखी गुलाबी पापडी.

पाणी कधीतरी इथून बाहेर आलं होतं. गाडी चालत असताना नाही, कारण आत्ताच चालवून पाहिली. मग कधी?

३

"मी गाडी चालवतो, पीत नाही," नवरा म्हणाला. "कूलंट कुठे गेलं ते मला विचारू नकोस."

"पितोस असं कोण म्हणतंय? कशी चालवतोस ते सांग."

शुक्रवारची संध्याकाळ होती. दोन दिवस गाडी तिने घरी ठेवून घेतली होती. बाबा नको म्हणत होते, तिने हट्ट धरला. चढावरून कोणाला न्यायचं नाही, नवऱ्याने एकट्याने जायचं, काट्यावर डोळा ठेवायचा, या बोलीवर.

"जशी सगळे चालवतात तशी. खालून निघतो, वर येतो, खिडकीखाली लावतो." त्याने चहाचा कप खाली ठेवला. "हे बघ, तुला राग येईल, पण बोलतो. बाबा सत्तरीला आले. हात थकतात. त्यांना स्वतःला कळतंय, ते थांबायचं म्हणतायत. तू त्यांना का अडवतेस?"

"थकले असतील तर थांबतील. पण जे केलंच नाही ते माथ्यावर घेऊन थांबू नयेत."

ती खाली गेली, बॉनेट उघडलं, टॉर्च मारला. कूलंट मार्करच्या रेघेपासून दोन बोटं खाली गेलं होतं.

याआधी गॅरेजात तीन-तीन दिवस राहून गाडीने थेंबही गमावला नव्हता. इथे दोन दिवसांत दोन बोटं. रस्ता तोच, चढ तोच, काटाही कुठे चढला नव्हता. ती तशीच वाकून उभी राहिली. मग वरच्या खिडकीकडे बघून तिने विचारलं, "घराशी आलास की गाडी केव्हा बंद करतोस?"

"लगेच. तूच तर दम दिलायस," तो वरून दबक्या आवाजात म्हणाला. "खिडकीखाली इंजिन चालू ठेवलंस तर बाळाला तूच झोपव, असं."

तिला आठवलं. अगदी याच शब्दांत म्हटलं होतं.

बाबा खाली सपाटीवर आले की मिनिटभर थांबतात. नवरा चढ संपल्या संपल्या, टर्बो लाल असताना, किल्ली फिरवतो. मग त्या लाल चाकाभोवतीचं पाणी जागच्या जागी उकळतं, वाफ होते, झाकणाच्या कडेने निघून जाते. एकदा घोटभर, पुन्हा घोटभर. बऱ्याच दिवसांनी कधीतरी पाणी एवढं उरतं की चढावर पुरत नाही.

सगळे जण चालत्या गाडीला पकडायला निघाले होते. ही गाडी तापत होती थांबल्यावर.

पण एवढ्यावर तिचं समाधान होईना. नवरा तर बाळ झाल्यापासून अशीच गाडी बंद करत होता. मग उकळायला महिन्याभरापूर्वीच का लागली?

४

शनिवारी दुपारी बाळ झोपलं आणि मोठी तिच्या मांडीवर येऊन बसली. दबक्या आवाजात बोलायचं हा घरातला कायदा मोठीला पाठ होता.

"आई, आपली गाडी आता गोड वास मारते."

"कधी?"

"बाबा बंद करतात ना, मग. आणि तिच्या पोटात गुडगुड होतं. आधी नव्हतं होत. आधी ती गुणगुणायची."

"कोण गुणगुणायची?"

"गाडी. झोपताना." मोठीने ओठ मिटून नाकातून सूर काढला, बारीक, एकाच पट्टीत. "म्हणायची, म्हणायची, मग झोपायची. आता म्हणतच नाही."

तेवढ्यात स्वयंपाकघरात फ्रिजने उचकी दिली आणि घरघर सुरू केली. दार बंद, जवळ कोणी नाही, आणि आत त्याचं काम चाललेलं.

तिने मान वळवून फ्रिजकडे बघितलं. या गाडीत एक लहानसा विजेचा पंप असतो. इंजिन चालू असताना त्याला काम नाही. गाडी फार तापलेली असताना बंद केली, तर तो आपोआप सुरू होतो, चार-पाच मिनिटं टर्बोभोवती पाणी फिरवतो, आणि गप्प होतो. जुन्या बनावटीची गाडी, त्या पंपाने काम सोडलं तर समोर लाल दिवा लागायचीही सोय नाही. बाबांच्या हाती तर तो कधी वाजणारच नाही, ते मिनिटभर थांबून गाडी आधीच निववतात. जो आवाज तिथे व्हायचाच नसतो तो होत नाही, हे त्यांना कळणार कसं?

आणि इथे? इथे रोज होणारा आवाज होईनासा झाला. तिला फक्त शांत वाटलं होतं. बरं वाटलं होतं.

"कधीपासून नाही म्हणत ती, मोठे?"

"बाळाला ताप आला होता ना? तेव्हापासून."

ती चपला न घालताच जिना उतरली. बॅटरीच्या मागच्या खोबणीत कोपरापर्यंत हात घातला. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, बोटांना लागत होतं. पंप. पंपाचं सॉकेट. सॉकेट रिकामं. बाजूला लोंबणारी वायर, आणि तिच्या टोकाला प्लगवर घट्ट गुंडाळलेलं काहीतरी गुळगुळीत.

पंप बिघडला नव्हता. त्याचा प्लग कोणीतरी मुद्दाम काढून ठेवला होता.

वरून बाळाच्या रडण्याचा पहिला सूर आला.

५

वरच्या मजल्यावर एक नर्स राहायची. तिची रात्रपाळी असायची आणि दुपारची झोप. बाळाला खांद्यावर टाकून ती जिन्यात गेली.

"सिस्टर, आमच्या गाडीचा त्रास व्हायचा का तुम्हाला?"

"आता नाही होत," नर्स जांभई देत म्हणाली. "आधी बंद झाल्यावरही पाच मिनिटं कुरकुरायची. मी बोलले होते एकदा. स्वतःसाठी नाही हं, मला काय, मी ढोलताशात झोपेन. या पिल्लाला ताप होता तेव्हाची गोष्ट. दिवसभर तुझ्या येरझाऱ्या ऐकू यायच्या वर. म्हटलं, दोन दिवस पोर झोपलं नाही आणि ही गाडी बंद होऊनही गप्प बसत नाही."

"कोणाला म्हणालात?"

"खाली गाडीपाशी जे होते त्यांना. दोघं तिघं होते बाई, मी झोपेत होते."

तिने वायरमनला फोन लावला. त्याच आठवड्यात त्याने गाडीचा हॉर्न बदलला होता.

"पंपाचा प्लग? मी? ताई, मी हॉर्न लावला आणि चालता झालो." तो दुखावल्यासारखा वाटला. "काय गुंडाळलंय म्हणालात, टेप? टेप मी दातांनी तोडतो. माझी असेल तर टोक दाढीसारखं लोंबत असेल. त्यावरून तुमचे बाबा मला तीस वर्षं बोलणी ऐकवतायत."

तिने फोन ठेवला. खांद्यावर बाळ तिची वेणी चोखत होतं. मग खाली जाऊन तिने टॉर्च दातांत धरला, लोंबणारी वायर दोन बोटांनी ओढून उजेडात आणली.

काळी टेप. तीन वेढे, एकावर एक, कडा जुळवून. आत धूळ जाऊ नये म्हणून प्लगचं तोंड नीट झाकलेलं. आणि शेवटचं टोक आत दुमडून केलेला इवलासा कान.

६

रविवारी सकाळी बाबांनी हत्यारं फडक्याने पुसून आकाराप्रमाणे लावून ठेवली होती. टेबलावर नवं कुलूप होतं, त्याच्या कागदासकट. वायरमन मुकाट्याने बल्ब उतरवत होता. नवरा बाळाला घेऊन दारात उभा राहिला. मोठी ट्रक घेऊन आजोबांच्या पायाशी बसली.

"सापडलं," ती म्हणाली.

तिने सांगितलं. चढाच्या माथ्यावर लगेच बंद होणारं इंजिन, गुलाबी पापडी, गोड वास, दोन बोटं उतरलेलं पाणी, न होणारा आवाज, आणि काढून ठेवलेला पंपाचा प्लग. "तुमचा वॉटर पंप ठीक आहे, थर्मोस्टॅट ठीक आहे. एकही क्लिप राहिलेली नाही, बाबा. दोन महिन्यांपूर्वी तुम्ही केलेल्या कामात दोष नाही."

बाबा खुर्चीवर बसले. मग मान वर केली, आणि डोळ्यांत तिच्या ओळखीची चमक आली, इंजिन उघडताना यायची ती.

"पण तो प्लग तर मी काढलेला नाही. कोणी काढला?"

रात्रभर तिने या प्रश्नाची वाट पाहिली होती. रात्रभर दोन उत्तरं पाळण्याच्या दोरीबरोबर मागेपुढे होत होती.

"मी," ती म्हणाली.

वायरमनचा हात बल्बवर थांबला. नवरा तिच्याकडे बघत राहिला.

"बाळाला ताप होता. झोपत नव्हतं. मी प्लग काढला, म्हटलं दोन दिवसांनी लावू, आणि विसरले."

"तू?" बाबा उठलेच. "माझ्या हाताखाली शिकलेली तू? टर्बोच्या पंपाचा प्लग काढून गाडी चढावर पाठवलीस? पोर बसली होती आत. एवढं कळलं नाही तुला? वायरमनने केलं असतं तर एक वेळ मी समजू शकलो असतो."

"वा," वायरमन म्हणाला.

बाबा बोलत राहिले. आवाज चढत गेला, खांदे ताठ झाले, दहा वर्षं अंगावरून झटकल्यासारखे ते टेबलाभोवती फिरले. ती मान खाली घालून ऐकत होती. इतकी बोलणी तिने कितीतरी दिवसांत खाल्ली नव्हती आणि इतकी गोडही कधी लागली नव्हती.

मग ते अचानक थांबले. "प्लग उघडाच सोडलास की टेप लावली होतीस?"

"लावली होती."

"टोक?"

"दुमडलं होतं."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा पहिल्या बोटावर एकदा फिरला, टेपचा कान करताना फिरतो तसा. त्यांनी त्या हाताकडे बघितलं, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता. मग तो खिशात घातला.

"उद्यापासून सकाळी येत जा," ते म्हणाले. आवाज आता खाली आला होता. "बाळाला घेऊन ये. मी केलेलं प्रत्येक काम तू एकदा बघायचं. तुझी सवय मोडलीय." कुलूप त्यांनी कागदात गुंडाळून टेबलाच्या खणात टाकलं. फेकून मात्र दिलं नाही.

तीही तेच सांगायला आली होती. सांगायची वेळ त्यांनी तिच्यावर येऊ दिली नाही.

निघण्याआधी तिने प्लग जागी बसवला आणि नवऱ्याने गाडी सातही वळणं चढवली. खिडकीखाली गाडी लावून त्याने विचारलं, "मिनिटभर थांबू ना आता?"

"उद्यापासून. आज लगेच बंद कर."

त्याने किल्ली फिरवली. क्षणभर काहीच नाही. मग पुढून कुठूनतरी बारीक, एकाच पट्टीत सूर लागला. तिच्या मांडीवर बाळाने आठी घातली, मूठ उघडली, आणि त्या सुरातच खुशाल झोपून गेलं.

"म्हणायला लागली," मागून मोठी कुजबुजली. मग पुढच्या दोन सीटांच्या मधून तिने डोकं पुढे काढलं. ट्रकच्या दांड्यावरच्या टेपचा कान ती नखाने वरखाली करत होती.

"आई, तो प्लग तर आजोबांनी काढला होता. मी टॉर्च धरला होता."

नवऱ्याचा हात स्टिअरिंगवर तसाच राहिला. पंप गुणगुणत होता.

"मग आजोबांना जे आठवत नाही," मोठीने विचारलं, "ते तुला कसं आठवलं?"